डावखुऱ्या मास्तरांची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, आणि तीही डावरी. तुम्ही म्हणाल, कात्रीला कसला आलाय डावा-उजवा हात? असतो. नेहमीच्या कात्रीत उजवं पातं वर असतं, माझं डावं वर आहे. त्यामुळे डाव्या हाताने कापणाऱ्याला खडूची रेघ स्वच्छ दिसते. मला उजव्या हातात धरलंत, तर माझी पाती फाकतात आणि कापड कापलं न जाता मधेच दुमडतं. मग लोक मला बोथट म्हणून बाजूला सारतात. मी मुळीच बोथट नाही. एवढं आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला फार ऐकून घ्यावं लागलं आहे.

माझे मास्तर म्हणजे कापड बेतणारे मास्तर. त्यांनी मला मुद्दाम करवून घेतलं. एका कागदावर स्वतःचा डावा पंजा पेन्सिलीने काढून ते कारागिराकडे आले होते. कारागीर म्हणाला, "उजव्याने शिका की. सगळं जग त्याच हाताने कापतं." मास्तर म्हणाले, "शिकून पाहिलं. हाताला पटत नाही." मग त्या पंजाच्या मापाने माझ्या कड्या घडल्या. अंगठ्याची कडी जरा मोठी, कारण मास्तरांचा अंगठा जाड.

पुढची एकोणीस वर्षं आम्ही एकाच कपड्यांच्या कारखान्यात काढली. तिसरा मजला, आणि कापायचं टेबल एवढं लांब की या टोकापासून त्या टोकापर्यंत मास्तरांची अठ्ठावीस पावलं भरत. कापडाचे जाड थर कापायला विजेचं यंत्र होतं. पण नवीन नमुन्याचा पहिला कपडा, सुळसुळीत कापड आणि चौकड्यांचं कापड यांना यंत्र लावायची कोणाची छाती नव्हती. ती कामं माझी. माझं खालचं पातं टेबलाला टेकलेलं असायचं आणि लाकडावरून एका लयीत पुढे जायचं. मास्तरांनी कापलेल्या सदऱ्याच्या चौकड्या अशा जुळत की खिसा कुठे आहे ते शोधायला हात फिरवून बघावं लागे. पाहुणे यायचे तेव्हा मालक तो सदरा दाखवायचे आणि म्हणायचे, "आमचे डावखुरे मास्तर." त्या नावाचा मला फार अभिमान होता. तेच नाव पुढे आमच्या मुळावर येईल, हे मला काय ठाऊक?

शिलाईच्या दालनाला मागे एक दार होतं. कापड चोरीला जाऊ नये म्हणून मालकांनी त्याला कुलूप घातलं होतं, आणि दारासमोर कापडाचे तागे छातीपर्यंत रचले होते. आत सत्तर बायका शिवत बसायच्या. मास्तरांनी मालकांना तीनदा सांगितलं की आग लागली तर या बायका बाहेर कुठून पडणार. तिन्ही वेळा मालक "बघू" म्हणाले. मग एक दिवस सरकारी तपासणीचे साहेब आले. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मागचं दार उघडतं ना?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मास्तर रेघ मारत होते. खडू खाली ठेवून ते म्हणाले, "नाही. कुलूप आहे. किल्ली मालकांच्या खिशात असते."

आठवड्याभरात मास्तरांना घरी बसवलं. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि जाता जाता टेबलावरून एकदा हात फिरवला. तेव्हा त्यांना वाटत होतं, एवढा कसलेला हात असलेल्या माणसाला काम कुठेही मिळेल. मलाही तसंच वाटत होतं.

चार कारखाने पालथे घातले. सगळीकडे एकच तऱ्हा. आधी कापून दाखवायला सांगायचे. मास्तर कापायचे, बघणारे खूश व्हायचे. मग कोणीतरी माझ्याकडे नीट पाहायचं. "डाव्या हाताने कापता होय? आधी कुठे होतात?" मास्तर खरं सांगायचे. तो माणूस काचेच्या केबिनमध्ये जाऊन फोन लावायचा, आणि फोन कानाला लावूनच आमच्याकडे बघायचा. बाहेर येऊन म्हणायचा, "कळवतो." तो शब्द मला अजून टोचतो.

चौथ्या ठिकाणचा सुपरवायझर मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला होता. तो जिन्यापर्यंत सोडायला आला.

"मास्तर, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. तुम्हाला कोणी घ्यायचं नाही, असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"कोणी म्हणजे काय, सगळ्यांनीच. कागदावर काही नाही. डावखुरा मास्तर एवढं सांगितलं की पुरतं."

घरी आल्यावर मास्तर बराच वेळ चपला न काढता बसून राहिले. मग त्यांच्या बायकोने डोकं चालवलं. "अहो, मग उजव्या हाताने कापा. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जा. तिकडे तोंडावरून कोण ओळखतंय तुम्हाला?" मास्तर आधी हसले, पण दुसऱ्या दिवशी साधी कात्री घेऊन जुन्या चादरींवर बसले. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकून सगळं बघत होते. खोटं कशाला सांगू, मला त्या परक्या कात्रीचा मत्सर वाटला. पण मास्तरांचा उजवा हात बघून दयाही यायची. एकोणीस वर्षं हेच काम केलेला कसबी माणूस जीभ दातांत धरून सरळ रेघ कापायला धडपडत होता. महिन्याभरात चार चादरींची चिंधी झाली आणि हात जेमतेम बसला.

मग ते मला न घेता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका कारखान्यात गेले, आणि दुपारच्या आत परत आले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"चांगलं चाललं होतं गं. गळ्याच्या गोलाईपाशी आलो आणि विसरलो. कात्री डाव्या हातात कधी गेली ते मला कळलंच नाही. कापड दुमडलं, चावल्यासारखं झालं. तिथल्या सुपरवायझरने कापडाकडे बघितलंच नाही. नुसता हाताकडे बघत राहिला."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी भलतंच सुचवलं."

"तुझं कसलं चुकलं? हात माझा आहे."

त्या दुपारी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. कापायला काहीच नव्हतं. नुसतंच मला उघडत आणि मिटत राहिले. मला त्या लांब टेबलाची अशी आठवण झाली की सांगता येत नाही. मला लाकूड हवं होतं, खडूची रेघ हवी होती, कापड दोन्हीकडे अलगद सुटतं तो आवाज हवा होता. मास्तरांनाही तेच हवं होतं, एवढं मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

त्यानंतर ते एकाच ठिकाणी गेले, आणि या वेळी मला सोबत घेऊन. एका बाईंचा छोटा कारखाना होता, पंधरा जणी शिवणाऱ्या. मास्तरांनी मला सरळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"बाई, मी तो डावखुरा मास्तर. आधी फोन करून घ्या, मग कापड दाखवा. उगाच दोघांचा वेळ नको."

बाईंनी तिथेच बसून जुन्या मालकांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"काम कसं आहे त्यांचं?"

"कामाला तोड नाही," मालक म्हणाले.

"खाडे करतात? कापड पळवतात?"

"छे, तसलं काही नाही."

"मग घ्यायचं का नाही?"

मित्रांनो, इतके फोन झाले, पण हे कोणीच विचारलं नव्हतं. मालक म्हणाले, "अहो, मागच्या दारावरून डोकं खातो. कुलूप काढा, तागे हलवा. साहेबासमोर बोलला. तुमच्याकडेही तेच करेल."

बाईंनी फोन ठेवला आणि मान वळवून मागे पाहिलं. त्यांच्याही मागच्या दारासमोर तागे रचलेले होते.

"मास्तर, माझी निम्मी कामं त्यांच्याकडूनच येतात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घेतलं तर ती बंद होतील, आणि या पोरी घरी बसतील."

"बसू नयेत," मास्तर म्हणाले.

"आजच्या दिवस एक नमुना कापून द्याल?"

कापड चौकड्यांचं होतं. टेबल जेमतेम आठ पावलांचं, पण लाकडाचं. किती दिवसांनी माझं खालचं पातं टेकलं आणि सरसर निघालं. मास्तर कापत होते तेवढ्या वेळात बाई आणि दोन शिवणाऱ्या मिळून मागचे तागे उचलत होत्या. आम्ही शेवटचा तुकडा वेगळा केला तेव्हा दार मोकळं झालं होतं. बाईंनी कडी ओढली, दोनदा खांद्याने धक्का दिला, आणि दार उघडलं. वारा आत आला आणि आमचे कागदी नमुने उडाले. मास्तरांनी दोन्ही हात पसरून ते टेबलावर दाबून धरले. मग मला सदऱ्याला पुसून पिशवीत ठेवलं आणि "येतो" म्हणाले. बाई "कळवते" म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मित्रांनो, कात्रीला तेल द्या, कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, हे तुम्हाला घरचे सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्याही टेबलावर फोन असेल. पलीकडून कोणी म्हणेल, "त्याला घेऊ नका." तेव्हा फोन ठेवण्याआधी एकदा "का?" एवढं विचारा, आणि काय उत्तर येतं ते नीट ऐका. माणूस नुसता खिळ्याला टांगून ठेवायची वस्तू नाही. मीसुद्धा नाही.

मला अजून चांगली धार आहे. मास्तर रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, आठ वाजता तयार होऊन कामाच्या बोलावण्याची वाट बघत बसतात.