सातवं गणित

गणिताच्या बाईंनी यादी तिसऱ्यांदा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वरच्या गणितवर्गासाठी निवडलेल्या मुलांत गोगलगायीचं नाव नव्हतं.

वाचताना ती शब्दाशब्दाखाली बोट सरकवत जायची, म्हणून वर्गाने हे नाव ठेवलं होतं. पण आकडे दिसले की हीच पोरगी सुसाट. बाईंचं गणित फळ्यावर लिहून होईतो हिचं उत्तर तयार.

बाई यादी घेऊन तडक परीक्षा विभागात गेल्या.

"साहेब, हिला गणितात एवढे कमी गुण कसे?"

साहेबांनी संगणकावर तिची परीक्षा उघडली. परीक्षा नव्या पद्धतीची होती. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. वाचन आणि गणित एकाच बैठकीत.

"वाचनाचे बावीस प्रश्न झाले. गणिताचे सहा."

"सहाच? त्यातले चुकले किती?"

"एकही नाही." साहेब जरा चाचरले. "पण बाई, वाचनात कच्ची मुलं बहुधा गणितातही कच्ची निघतात. मशीन दोन्हींचा मेळ घालून अंदाज बांधतं. खात्री पटली की थांबतं. मुलांचाच वेळ वाचतो."

"म्हणजे वाचनात अडखळली म्हणून गणितातले गुण कापले?"

"कापले नाहीत हो. अंदाज खाली आला."

बाईंचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. कानशिलं मात्र तापली. "सहाच्या सहा बरोबर आल्यावर त्या लेकराला सातवं गणित विचारायला काय झालं होतं तुमच्या मशीनला?"

"हजारो मुलांवर पारखलेली पद्धत आहे ही."

"असेल. ती हजारो मुलं माझ्या वर्गात बसत नाहीत. ही बसते."

"यादी आजच पाठवायचीय. तुमच्या सहीवाचून अडलंय. करून टाका ना."

"नाही करत."

"बाई, तुम्ही म्हणजे अगदी…"

"हट्टी. घरीही हेच ऐकते. नुसत्या गणिताची परीक्षा घेता येते ना?"

"येते, पण…"

"मग घ्या."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि खिडकीजवळच्या संगणकावर परीक्षा लावून दिली. गोगलगायीला वर्गातून बोलावलं. बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

पाऊण तासाने ती गाल फुगवून बाहेर आली. "काय हो बाई! एक सोडवलं की पुढचं आणखी अवघड. शेवटची तर आपल्याला शिकवलेलीसुद्धा नाहीत. रडूच यायला लागलं मला."

बाईंना हसू आवरेना. "छान झालं की गं!"

"छान काय त्यात?" म्हणत ती पाय आपटत वर्गात गेली.

आत साहेबांनी निकाल पाहून यादीत एक नाव वाढवलं. "झालं समाधान? आता सही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद उलटा केला. मागे न निवडलेल्या मुलांची नावं होती, वरपासून खालपर्यंत. टोपण त्यांनी पुन्हा लावलं.

"या प्रत्येकाला गणिताचे किती प्रश्न विचारले, तेवढं सांगा," त्या खुर्ची ओढून घेत म्हणाल्या. "सावकाश. मी बसलेय."