तंबाखू : नाही

हिंमतरावांना स्वतःला प्रश्न विचारलेला खपत नसे, पण दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्यांना भारी हौस. ग्रामपंचायतीत दहा वर्षं काढली त्याची ही सवय. पुढे धायरी पुण्यात गेली, पंचायत बुडाली, ज्वारीच्या रानात बारा-बारा मजले उभे राहिले, सवय मात्र महापालिकेत विलीन झाली नाही.

त्यामुळे डॉक्टर अस्मिताबाईंनी मुक्ताईला वय विचारलं, तेव्हा उत्तर हिंमतरावांकडून आलं.

"एक्कावन."

"मुलं?"

"दोन पोरी. दोघीबी दिल्यात."

"शुगर, बीपी?"

"कायबी न्हाई."

"पेशंट आपण आहात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. बाई नारायण पेठेतल्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. हिंमतरावांना वाटलं विनोद आहे. ते मोकळेपणानं हसले.

"तंबाखू?" बाईंनी पुढचा रकाना गाठला. "सिगारेट, गुटखा, काहीही. या ऑपरेशनला तंबाखू अजिबात चालत नाही. रक्तवाहिन्या आकसतात."

"मी खातो. खोटं कशापायी बोलू?" हिंमतराव म्हणाले. "पन आमच्या घरातल्या बायका? छ्या. न्हाई."

बाईंनी मुक्ताईकडे पाहिलं. "नाही ना?"

मुक्ताईची मान हलली. ती कशी हलली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तीस वर्षं नवऱ्याच्या बोलण्यापाठोपाठ हलणारी मान ती. बाईंनी लिहिलं, तंबाखू : नाही.

आता मुक्ताई तंबाखू खात नव्हती हे खरंच होतं. ती मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि पहाटे मोरीवर बसून बोटानं हिरड्यांना चोळायची. तिची आई लावायची, सासू लावायची, मोठी जाऊ हौसाबाई लावायची. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नसे आणि डोकं उतरत नसे. तंबाखू बाप्ये खातात आणि कोपऱ्यात थुंकतात, मिश्रीनं दात घासतात, एवढा साधा हिशेब. भाजायला लागणारा तंबाखूचा पुडा दर महिन्याच्या किराण्यात हिंमतराव स्वतःच्या हातानं आणत. पण बंगला झाला, दारात मोठी गाडी आली, दोन्ही जावई कंपनीतले मिळाले, तेव्हापासून मिश्री ही गोष्ट त्यांच्या घरात होती आणि नव्हतीही.

दोन वर्षांपूर्वी मुक्ताईची डावी छाती काढली होती. गाठ कॅन्सरची निघाली, जीव वाचला, सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि विषय मिटला. तिचा मिटला नव्हता. दुकानात मिळतं ते रबराचं घालून तिला घामोळं यायचं, म्हणून तिनं जुन्या सुती लुगड्याची पिशवी शिवली आणि वजनाला तीत मोहरी भरली. मोहरी अंगासरशी बसते, हलकी पडत नाही. दीड वर्ष तिनं ती पिशवी चोळीत वागवली.

मग पुतण्याची हळद आली. नवरदेवाला हळद लावायला मुक्ताई वाकली आणि पिशवी निसटून पाटावर पडली, शिवण उसवली, मोहरी फरशीभर पसरली. पन्नास बायका बघत होत्या. ढोल वाजायचा थांबला. हौसाबाई तेवढी वस्ताद. पटकन खाली बसून ओंजळीनं मोहरी गोळा करत म्हणाली, "आगं, दिष्ट काढायला आनलेली ती. सांडली वाटतं." बायकांनी मानल्यासारखं केलं. पण मुक्ताईच्या पदराची एक बाजू सपाट पडलेली सगळ्यांना दिसली होती, आणि नवरदेवानं मान दुसरीकडे वळवली ती तिला जन्मभर पुरणार होती.

त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं. पुन्हा चारचौघींत वाकता यावं. बाकी काही नाही.

डॉक्टरबाईंनी सगळं कागदावर चित्र काढून समजावलं. बेंबीखालचं मांस आणि कातडी, रक्तवाहिन्यांसकट काढायची. छातीवर आणून तिथल्या वाहिन्यांना जोडायची, केसाएवढ्या टाक्यांनी, दुर्बिणीखाली. बाहेरचं काही नाही, सगळं तुमचंच. मुक्ताईला हे फार आवडलं. दोन बाळंतपणांनी सुटलेल्या पोटाचा आजवर कुणी चांगल्या शब्दांत उल्लेख केला नव्हता. "एकच गोष्ट," बाई म्हणाल्या, "पोटावरचं एकदाच घेता येतं. दुसरी संधी नाही."

हिंमतराव तयार झाले याचं मुक्ताईला नवल वाटलं, आणि बरंही वाटलं. माणूस तोंडाचा फाटका पण मनाचा वाईट नाही, असं ती हौसाबाईला म्हणाली. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी तिनं पिशवीची शिवण सोडली आणि मोहरी मिसळणाच्या डब्यात ओतली. त्याच मोहरीची फोडणी देऊन केलेली आमटी हिंमतरावांनी दोनदा मागून घेतली. मुक्ताई चुलीकडे तोंड करून मनमुराद हसली.

भरती झाल्यावर सिस्टर यादी घेऊन आली. हिंमतराव खाली गाडी लावत होते. "तंबाखू वगैरे काही नाही ना मावशी?"

हीच ती वेळ होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मिश्रीला तंबाखू म्हणतात का, एवढंच विचारायचं होतं. ओठावर आलंही. पण हो म्हटलं असतं तर नवरा खोटा पडला असता, तोही शिकल्या-सवरल्या बाईसमोर. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही हे तिला आईनं मिश्रीच्या डबीसोबतच दिलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

ऑपरेशन नऊ तास चाललं. शुद्धीवर आल्यावर मुक्ताईला पोट पिळवटल्यासारखं दुखत होतं, सरळ होता येत नव्हतं, पण पदराखाली उंचवटा होता. दर तासाला सिस्टर यायची, बोट लावून ऊब बघायची आणि पेनासारखं एक यंत्र टेकवायची. त्यातून आवाज यायचा, फुस् फुस् फुस्. रक्त वाहतंय त्याचा. दुखणं विसरून मुक्ताई त्या आवाजाची वाट बघायची. "अजून एकदा लावा की," म्हणायची. सिस्टर हसून लावायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई आली. जावेचं तोंड उतरलेलं, डोकं ठणकतंय, तीन दिवसांत पोट साफ नाही. हौसाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि चोळीतून डबी काढली. "घे, लाव. त्या पोरींना काय कळतंय." तिनं खरोखर मायेनं आणली होती. मुक्ताईनं लावली, तस्तात थुंकली, चूळ भरली. अंगात जीव आल्यासारखं झालं. डबी उशीखाली राहिली.

संध्याकाळी यंत्र टेकवलं तर आवाज आला नाही. सिस्टरनं जागा बदलली, पुन्हा टेकवलं. मुक्ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. छातीवरची कातडी जांभळी पडली होती, पिकल्या जांभळासारखी. धावपळ झाली, पुन्हा आत नेलं, आणि ती बाहेर आली तेव्हा पदराखाली पुन्हा सपाट होतं. आता पोटावरही या कुशीपासून त्या कुशीपर्यंत टाके होते. होतं तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी उशीखाली सापडलेली डबी खाटेवर ठेवली. "हे काय आहे?"

हिंमतरावांनी डबीकडे असं पाहिलं, जणू जन्मात पहिल्यांदा दिसली. "मला काय म्हाईत? बायकांचं कायबाय आसतं."

मुक्ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग येईल असं वाटलं होतं, आली ती किळस.

"मिश्रीमुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "काही न करताही गुठळी होते. पण कळलं असतं तर मी दोन महिने थांबले असते. मी विचारलं होतं."

"इचारलं व्हतं की," हिंमतराव मुक्ताईकडे वळून म्हणाले. "बाईंनी इचारलं व्हतं. तवा दातखीळ बसली व्हती तुजी?"

सबंध धायरीत मग हेच झालं. मुक्तीनं चोरून मिश्री लावली आणि एवढं मोठं ऑपरेशन मातीत घातलं. लेकींनी फोनवरून हेच ऐकवलं. हौसाबाई पंधरा दिवस फिरकली नाही. मुक्ताईनं त्या दिवसानंतर हिरडीला बोट लावलं नाही. डोकं फुटायची वेळ आली तरी नाही.

दोन महिन्यांनी दाखवायला गेले. जखमा भरल्या होत्या. बाई म्हणाल्या, पाठीचा स्नायू घेऊन अजून करता येईल. पोटासारखं नाही होणार, पण होईल. तुमची इच्छा असेल तर.

"नगं आता," हिंमतराव म्हणाले. "बास झालं."

"मी त्यांना विचारते आहे. आणि या वेळी तंबाखूचंही त्यांनाच विचारते आहे."

मुक्ताईनं घसा साफ केला. "त्यो पुडा ह्येच आनत्यात. दर महिन्याला. तीस वरसं. त्या दिशी ह्ये न्हाई म्हनले, म्हनून मीबी न्हाई म्हनले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकटीला बसवून विचारायला हवं होतं. ऑपरेशनचं काय करायचं?"

मुक्ताईनं तोंड उघडलं. तोवर हिंमतराव उठून गाडीची किल्ली वाजवत दारापर्यंत गेले होते. हो म्हणायचं म्हणजे पुन्हा इथे यायला गाडी, राहायला माणूस, पाठीशी घर, आणि ते सगळं दाराबाहेर निघालं होतं. "बगते," एवढंच ती म्हणाली आणि त्यांच्यामागून गेली.

सिंहगड रस्ताभर हिंमतराव हॉर्न वाजवत राहिले. धायरी फाट्याला किराण्याच्या दुकानासमोर गाडी थांबवली, उतरले, परत आले आणि तंबाखूचा पुडा तिच्या मांडीवर टाकला.

"घे. डाक्टरला सांगून झालं नव्हं? आता लाव निवांत."

दुसऱ्या दिवशी हौसाबाईच्या नव्या घराची वास्तुशांत होती. थोरल्या घरचं बोलावणं, जाणं भाग होतं. मुक्ताईनं ट्रंकेतून ती सुती पिशवी काढली. डबा उघडला, तर मोहरी तळाला गेलेली. दोन महिन्यांच्या फोडण्यांत सगळी खाऊन झाली होती. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग तिनं तंबाखूचा पुडा फोडला, पिशवीत दाबून भरला, दुहेरी टाका घालून तोंड शिवलं आणि पिशवी चोळीत नीट बसवली.

गाडीच्या काचा बंद होत्या. कोपऱ्यावर वळताच हिंमतरावांनी नाक वर केलं.

"तंबाखूचा वास येतोय."

"येनारच," मुक्ताई पदर सारखा करत म्हणाली. "तितं कुनी इचारलं, तर तुम्हीच सांगा. आमच्या घरातल्या बायका न्हाई खात म्हनावं."