ब्रह्मदेवाची बदली

इमारत उभी राहत होती तेव्हा बिल्डरनेच ब्रह्मदेवाचा हट्ट धरला. "विष्णू सांभाळणारा, शंकर मोडणारा. निर्मिती कुणाची? आपली!" असं म्हणून त्याने छाती फुगवली.

मूर्तिकार बाईने सांगून पाहिलं, "साहेब, या देवाला सहसा कुणी पूजत नाही."

"बरंच झालं. लॉबी लहान आहे."

बाईने पाच महिने खपून संगमरवरात चार तोंडं कोरली. मागचं तोंड भिंतीकडे जाणार होतं, तरी त्याच्याही पापण्या तिने मन लावून काढल्या.

वीस वर्षांत कमंडलूत जाहिरातींचे कागद साठले, जपमाळेच्या हातात छत्र्या लटकल्या. मग एके दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीने बाईला बोलावणं धाडलं.

"बाई, घडवायचं ते घडवून झालं. आता प्रश्न मेंटेनन्सचा. याचा विष्णू करून द्या. हात चारच आहेत, नुसतं सामान बदलायचं. डोकी तेवढी तीन उडवा."

"खबरदार!" जिन्यातूनच वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब कडाडले. त्यांना इमारत पाडून उंच टॉवर हवा होता. "इथे शंकरच बसेल!"

बघता बघता लॉबी भरली. जे आयुष्यात मान वर करून मूर्तीकडे बघत नव्हते, त्यांच्या भक्तीला ऊत आला. एकीकडे दुरुस्तीवाले वैष्णव, दुसरीकडे पाडापाडीवाले शैव.

बाईने विचारलं, "याला इतक्या वर्षांत कुणी एक फूल तरी वाहिलं?"

"याने दिलं काय?" सेक्रेटरीला खरंच नवल वाटलं.

"सगळी सृष्टी."

"ती झाली की देऊन! आता त्याच्याकडे काय मागणार?"

यावर मात्र दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या. बाईला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिलाही बिल्डरने पुन्हा कधी ओळख दाखवली नव्हती.

"डोकी मी उडवणार नाही," ती म्हणाली. "टेम्पो आणते."

ज्याच्यापुढे कुणी कधी हात जोडले नव्हते, त्याला बाहेर काढायला सगळ्यांनी हात लावला. वकीलसाहेबांनी तर दार धरलं.

बाईने त्याला आपल्या कारखान्याच्या अंगणात, न घडवलेल्या दगडांमध्ये बसवलं आणि पाईप लावून स्वच्छ धुतलं.

महिन्याभराने सेक्रेटरीचा फोन आला. विष्णू की शंकर, ते अजून ठरलं नव्हतं. "पण जागा वाया घालवली नाही हं, बाई. चपलांचं कपाट ठेवलंय. एकमताने!"