पोहण्याच्या बाईंचे पाय

मित्रांनो, मी ऑपरेशनच्या खोलीतली एक जुनी उशी आहे. गादीवाल्याने माझ्यात पिंजलेला कापूस ठासून भरला, वर हिरव्या रेक्झीनची खोळ शिवली आणि मला इथे धाडलं. मला वाटलं होतं, आपल्यावर डोकी टेकतील, गोड स्वप्नं पडतील. पण माझं काम निराळंच निघालं. पायाच्या ऑपरेशनआधी पाठीच्या मणक्यात भूल देतात. तेव्हा टेबलावर पाय खाली सोडून बसून, पाठ वाकवून, अजिबात न हलता राहावं लागतं. त्या वेळी माणसं मला पोटाशी कवटाळतात. किती जणांच्या छातीची धडधड मी ऐकली आहे!

एकदा पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या. गुडघा पार झिजलेला, सांधा बदलायचा होता. दम्यामुळे त्यांना पूर्ण झोपवायला भुलीच्या डॉक्टर राजी नव्हत्या. पण पाठीला गार स्पिरिट लागलं की बाई दचकून ताठ व्हायच्या. सुई टोचणार तरी कशी?

"मला नाही जमायचं हो. घरी सोडा मला," बाई रडवेल्या झाल्या.

डॉक्टरांनी हात थांबवला. "मुलं पाण्याला घाबरली की तुम्ही काय करता?"

"बुडबुडे काढायला लावते."

"मग काढा की!"

बाईंनी माझ्यात तोंड खुपसलं आणि हळूहळू श्वास सोडला. पुन्हा सोडला. मला ऊब लागली. त्यांचे खांदे सैलावले, पाठ आपोआप गोल झाली. सुई कधी आत गेली, ते मलाही कळलं नाही.

"झालं. आता आडव्या व्हा."

मी त्यांच्या डोक्याखाली गेले. त्यांच्या पायांत ऊब उतरली, मग जडपणा आला, मग काहीच उरलं नाही. पाय टेबलावर सरळ ठेवले होते, तरी बाई पुटपुटल्या, "माझे पाय अजून खाली लोंबतायत. कुणीतरी पाण्यात सोडलेत." कमरेवर आडव्या लावलेल्या पडद्यापलीकडे करवत घरघरली, हातोडी वाजली. "शेजाऱ्यांनी फर्निचरचं काम काढलंय वाटतं," म्हणत त्या मंद हसल्या. आणि मलाही त्यांच्याबरोबर दिसू लागलं, हिरवं, संथ पाणी. त्यात दोन पाय तरंगत होते, जणू कुणाचेच नसलेले.

नंतर माझ्यासकट बाईंना बाहेरच्या खोलीत आणलं, तिथे त्यांची लेक आली. तिने आईच्या अंगठ्याला चिमटा काढला. "आई, कळतंय?"

"काय कळतंय?"

लेकीचा चेहरा उतरला. "सिस्टर, पाय परत येतील ना हिचे?"

"येतात हो, सावकाश येतात. बसा जरा."

आईचं पाऊल हातात धरून ती बसून राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकत गेलं. मग अंगठा हलला. एवढासाच.

"अगं, गुदगुल्या काय करतेस!" बाई म्हणाल्या. लेक रडता रडता हसली.

पूर्वी सिस्टर म्हणायच्या, "ती जुनीच उशी आणा, ती बरी." पुढे फोमच्या नव्या उशा आल्या आणि मी माळ्यावर गेले. खोळ उसवली आहे, आत गाठी झाल्या आहेत. पण मित्रांनो, कापूस अजून चांगला आहे. पुन्हा पिंजून, नवी खोळ चढवून मला कामाला लावता येईल. तेवढं नाही जमलं, तरी एक करा. घाबरलेल्या माणसाला 'हलू नका' म्हणण्याआधी त्याला घट्ट धरायला काहीतरी द्या. तुमचा हातही चालेल.