डिकीतले पाचवे चाक

मित्रांनो, गाडीला चाके किती, असे विचारले की तुम्ही पटकन चार म्हणता. त्या चारांत मी नसते. मी डिकीत, गालिच्याखाली, एका गोल खड्ड्यात आडवी पडलेली जुनी स्टेपनी आहे. चारांपैकी एखाद्याला काही झाले, तरच माझी आठवण होते.

माझा जन्म बाकीच्या चौघांबरोबरच झाला. रबर, काजळी आणि पोलादी तारा यांचे थर एकमेकांवर चढवून कारखान्यात आम्हाला तापलेल्या साच्यात दाबले. बाहेर निघालो तेव्हा आमच्यात तसूभरही फरक नव्हता. गाडी जोडताना कामगाराने हाताला आली ती चार चाके लावली आणि उरलेल्या मला डिकीत ठेवले. माझे नशीब एवढ्यावर ठरले.

माझी मालकीण पोस्टात कामाला होती. गाडीला फार जपायची. पंपावर गेली की न चुकता हवा तपासून घ्यायची. हवा भरणारा विचारायचा, "ताई, स्टेपनीची पण बघू का?"

"नको हो, ती कुठे वापरलीय? वर सगळ्या पिशव्या आहेत, कोण काढत बसणार!"

यात तिचा दोष नाही, बहुतेक जण असेच म्हणतात. पण रबर दिसायला कितीही घट्ट असले, तरी हवा त्यातून हळूहळू बाहेर पडतच असते, चाक फिरो वा न फिरो. माझीही हवा जात होती. आवाज नव्हता, कळ नव्हती. अंगावर भार नसल्यामुळे मी गुबगुबीतच दिसत होते.

मालकिणीच्या वरच्या मजल्यावर शिंपीकाका एकटे राहायचे. तिच्या शाळेच्या गणवेशापासून ऑफिसच्या कोटापर्यंत सगळे त्यांनीच शिवलेले. हल्ली ते दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायचे, कोपराने कप पाडायचे. वय झाले म्हणून सगळे हसायचे, आणि तेही हसायचे. चष्मा बदलायला गेले, तेव्हा चष्मेवाल्याने मात्र त्यांना लवकरात लवकर डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितले. तिथली वेळ मिळायलाही बरेच दिवस गेले. त्या दिवशी मालकीण त्यांना घेऊन निघाली, तेव्हा काका वाटभर कुरकुरत होते.

"सुईत दोरा अजून मीच ओवतो. डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या?"

"तुम्ही दोरा ओवा काका, आणि फुटलेले कप मी झाडते!"

शहर मागे पडले आणि पुढचे डावे चाक खिळ्यावरून गेले. गाडी एका अंगाला ओढू लागली. मालकिणीने ती कडेला घेतली आणि ऐटीत म्हणाली, "घाबरू नका, स्टेपनी आहे!"

मित्रांनो, ते ऐकून मला केवढे बरे वाटले! इतक्या वर्षांनी कुणी माझ्या भरवशावर बोलले होते. तिने पान्याने नट सैल केले, जॅक लावला, पंक्चर झालेले चाक काढून मला चढवले. मग जॅक उतरवला. गाडीचे वजन माझ्यावर आले आणि मी रिंगपर्यंत चपटी झाले.

काका वाकून बघत म्हणाले, "ही तर त्याच्याहून दमलेली निघाली! जाऊ दे पोरी. घरी फोन लाव, कुणी येईल घ्यायला. पुढच्या महिन्यात बघू."

मालकिणीने कपाळावरचा घाम पुसला. "तसंच करावं लागेल. वेळही टळून चाललीय."

सुटल्यासारखे वाटून काका पाण्याची बाटली घ्यायला गाडीला वळसा घालून रस्त्याच्या अंगाला गेले. त्याच वेळी बाजूने एक टेम्पो आला. ब्रेक किंचाळले. टेम्पो काकांपासून हातभर अंतरावर थांबला.

"ओ काका!" ड्रायव्हर खाली उतरून ओरडला. "एवढा मोठा टेम्पो दिसत नाही का तुम्हाला?"

काका जागच्या जागी उभे होते. "आवाज आला," ते हळूच म्हणाले. "पण दिसला नाही. खरंच नाही दिसला."

मालकीण धावत गेली. तिने त्यांना हाताला धरून कडेला आणले आणि आपला पंजा त्यांच्या गालापासून थोडा पुढे, बाजूला धरला. "काका, समोरच बघा. किती बोटं आहेत?"

"हात कुठे धरलायस?" काकांनी विचारले.

तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "पुढचा महिना नाही. आजच जायचं." आणि ड्रायव्हरकडे वळली. "दादा, हवेचा पंप आहे का?"

त्याचा राग केव्हाच उतरला होता. "आहे की. पण पायाने मारायचा आहे. आधी मी मारतो, दमलो की तुम्ही."

दोघांनी आळीपाळीने पंप मारला. पंपातून सुटलेली हवा माझ्यात शिरत गेली आणि मी गाडीला उचलून धरले. आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यावर धावले. खडी बोचली, पण मला थांबायचे नव्हते.

दवाखान्याच्या अंगणात उन्हे उतरेपर्यंत मी उभी होते. उशीर झाल्यामुळे त्यांना सगळ्यात शेवटी आत घेतले. मग दोघे येऊन गाडीत बसले. मालकीण म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलेलं नीट कळलं ना? डोळ्याच्या आतला दाब वाढलाय. कडेची नजर गेली, ती परत यायची नाही. पण समोरची राखता येईल. रोज थेंब घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही."

"म्हणजे शिवता येईल?"

"येईल. पण इतके दिवस बोलला का नाहीत हो?"

"दुखलं असतं तर बोललो असतो ग," काका म्हणाले.

मित्रांनो, मलाही कुणी विचारले असते, तर मी हेच सांगितले असते. म्हणून माझी एक विनंती आहे. घरी मोठी माणसे गाडीत हवा भरायला निघाली, की त्यांना डिकी उघडायला लावा. आणि तुमच्या ओळखीत कुणी कधीच तक्रार करत नसेल, तर त्याचे सगळे ठीक आहे असे धरून चालू नका. जवळ जाऊन बघा.

मी आता पुन्हा डिकीत आहे. गाडी जिन्याजवळच उभी असते, त्यामुळे मला ऐकू येते. संध्याकाळी कामावरून आली, की मालकीण खालूनच हाक मारते, "काका, थेंब घातले का?"

वरून उत्तर येते, "घातले, घातले!"

ती तरीही जिना चढून जाते.