गरम असताना हलवू नये

काशीराम मेस्त्रीच्या दुकानात फळीवर एक मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण दाबलं तरी तो लगेच बोलायचा नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्या लालसर व्हायच्या, मग म्हाताऱ्याने घसा खाकरावा तशी घरघर, आणि मग कुठे आवाज. तोवर काशीरामचा अर्धा चहा पिऊन व्हायचा. बायको यमुनाबाई म्हणायची, मी हाकेला ओ द्यायला एवढा वेळ लावला असता तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत. काशीराम हसायचा, पण रेडिओबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्याला मनातून खपायचं नाही.

रत्नागिरीत राम आळीच्या एका बोळात पंचवीस वर्षं तो हे दुकान चालवत होता. पूर्वी गुहागर-हेदवीपासून माणसं रेडिओ डोक्यावर घेऊन त्याच्याकडे यायची. आता घरोघर ट्रान्झिस्टर आले होते. काशीराम त्यांना साबणाच्या वड्या म्हणायचा, आणि दिवसभर त्याच वड्या दुरुस्त करून पोट भरायचा. व्हॉल्व्ह ओळखणारा माणूस म्हणून त्याला विचारायला आता कुणी येत नव्हतं, आणि हे त्याला फार लागत होतं.

अशात माघ महिन्यात देवरूखच्या पुढे असलेल्या आंबेकोंडहून दोघे जण आले. एक साठीचा भागोजी, गावच्या नमन मंडळाचा, म्हणजे रात्रभर सोंगं-गाणी करणाऱ्या खेळ्यांचा, मुख्य. दुसरा त्याचा पुतण्या केरू. केरू मुंबईला गिरणीत होता आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. संपात गिरणी गेली, तसा तो गिटार घेऊन गावी परतला होता. मृदंगाच्या जोडीला नमनात गिटार वाजवायची असं मंडळाने ठरवलं होतं. पण विजेची गिटार नुसती ऐकू येत नाही, तिला अ‍ॅम्प्लिफायर लागतो. दोन ठिकाणी बघून झाले होते. एक बाजारपेठेत, नवाकोरा, ट्रान्झिस्टरचा, गॅरंटीसकट. दुसरा आरे-वारेकडच्या धाकू खलाशाकडे. बोटीवरच्या वाद्यवृंदाने टाकून दिलेला तो खोका त्याने घरी आणला होता. आत व्हॉल्व्ह, आणि स्पीकरही त्याच खोक्यात. किंमत दोन्हींची सारखीच, तेव्हा घ्यावा कुठला ते मेस्त्रींनी सांगावं.

काशीराम त्यांच्याबरोबर धाकूच्या पडवीत गेला. ताडपत्री काढली, खोका उघडला, खारट हवेने चढलेला गंज पुसला, एक सुटलेली तार डाकली आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह लाल झाले. केरूने बरोबर आणलेली गिटार जोडून एक तार छेडली, आणि धाकूची बायको चुलीवरचं सोडून बाहेर आली. आवाज मोठा होता म्हणून नव्हे. तो भरलेला होता, जरा खरखरीत, बाईमाणसाने भाकरी थापताना गुणगुणावं तसा जवळचा. काशीरामच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग तो बोलत सुटला. ट्रान्झिस्टर कसा कोरडा बोलतो, व्हॉल्व्ह कसा माणसासारखा बोलतो, सगळं सांगितलं. जड आहे, हेही सांगितलं, कारण ते दिसतच होतं. पण एक गोष्ट त्याच्या जिभेवर आली आणि त्याने ती गिळली. वाजवून झाल्यावर व्हॉल्व्ह तापलेले असतात, तेव्हा खोका अर्धा तास जागचा हलवायचा नसतो. हिसका बसला तर आतली नाजूक जाळी मोडते. आंबेकोंडला रस्ता नाही, जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून जावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर ही माणसं बाजारपेठेतला घेऊन मोकळी झाली असती. नंतर सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नंतर राहून गेलं.

महिन्याभराने, शिमगा आठ दिवसांवर असताना, केरू खोका घेऊन दुकानात आला. खोका मुका झाला होता. शेजारच्या गावात नमन रात्रभर रंगलं, गिटारीला लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि उजाडल्याबरोबर मंडळी घरी निघाली. खोका बांबूला बांधून चौघांनी खांद्यावर घेतला, पुढच्या दांड्याला भागोजी. आता आंबेकोंडच्या माणसांच्या खांद्यावर दांडा आला की त्यांचे पाय सरळ पडतच नाहीत. त्यात मागून कुणीतरी ढोल धरला. भागोजीने ठेका घेतला, आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवतात तसा तो खोका पाखाडीच्या पायऱ्यांवरून नाचत नाचत गावात आला. पालखी मध्येच खाली टेकवायची नसते, म्हणून हाही कुणी टेकवला नाही. घरी येऊन बटण दाबलं, तर एकदा खर्रर्र झालं आणि संपलं.

काशीरामने खोका उघडला. दोन मोठे व्हॉल्व्ह आतून मोडले होते. तसे व्हॉल्व्ह आता मुंबईतही शोधावे लागायचे.

केरू खाली मान घालून बोलत होता. गावात कुजबुज झाली, देवीचा मान यंत्राला दिला म्हणून असं झालं. गुरवाने कौल लावला. चूक माणसाची असेल तर उजवं फूल पडू दे, खोक्याची असेल तर डावं. उजवं पडलं. तेव्हापासून काका धड जेवत नव्हता. भागोजीच्या घराकडे पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान सात पिढ्यांचा. तो त्याने सगळ्यांसमोर सोडला होता. यंदा काय, पुढे कधीच मी पालखीला खांदा देणार नाही, असं तो देवीसमोर बोलून बसला होता.

काशीराम उठला, फळीवरचा आपला रेडिओ उतरवला, त्यातला एक व्हॉल्व्ह काढला, जोडीचा दुसरा खणातून शोधला आणि खोक्यात बसवला. केरू जायला निघाला तेव्हा त्याने हलकेच सांगितलं, की वाजवून झाल्यावर निवल्याशिवाय हलवू नको. केरू म्हणाला, बरं झालं सांगितलंत. त्याच्या मनात काही आलं नाही, आणि तेच काशीरामला जास्त झोंबलं.

पाच-सहा दिवस दुकानात रेडिओ लागला नाही. खाई त्याला खवखवे. शेवटी यमुनाबाईने विचारलंच, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला सांगा."

शिमग्याच्या दिवशी काशीराम सकाळच्या एस.टी.ने देवरूखला उतरला आणि पाखाडीने चालत आंबेकोंडला पोचला. पायऱ्या उतरताना त्याचे गुडघे दुखले, आणि प्रत्येक पायरीला त्याला तो खोका दिसला. देवळासमोर सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, पालखी सजून तयार होती. सारं गाव जमलं होतं. पुढच्या दांड्याशी भलताच एक तरणा उभा होता आणि भागोजी लांब, फणसाच्या बुंध्याला टेकून बसला होता. एवढ्या दिवसांत तो निम्मा झाला होता.

काशीराम सहाणेपाशी गेला.

"कौल खरा पडलाय," तो म्हणाला. "चूक माणसाचीच. पण तो माणूस मी."

आणि त्याने काही न लपवता सांगितलं. ढोल थांबले. भागोजी उठून जवळ आला.

"गरम आसताना हालवाचा नाय, ह्या तुमाला ठावक होता?"

"होतं."

"मंग आमाला सांगितलात का नाय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तो घेतला नसतात. आणि माझ्याकडे मग कोण आलं असतं?"

भागोजी आणखी एक पाऊल पुढे आला. काशीरामला वाटलं, आता हा थोबाडीत देईल, आणि दिली तर बरंच होईल. पण भागोजी म्हणाला, की आता उरलेल्या खोडीही सांगून टाका, देवीच्या पुढ्यात. काशीरामने सांगितल्या. तापायला वेळ घेतो. वीज कमी दाबाची आली की रडतो. स्पीकर त्याच खोक्यात असल्याने व्हॉल्व्ह सारखे हादरतात आणि लवकर जातात. गेले की मिळत नाहीत. बंद केल्यावरही आत वीज साचून राहते, म्हणून मागचं झाकण कुणी उघडायचं नाही. बोलता बोलता त्याला हलकं वाटू लागलं.

भागोजीने केरूला विचारलं, बदलायचा काय? केरू म्हणाला, नाही काका, आवाज तसा दुसऱ्याचा नाही. भागोजीने मान डोलावली आणि देवीकडे तोंड करून, हात जोडून, आपला शब्द मागे घेतला. गुरवाने अंगारा लावला. तो तरणा आपणहून बाजूला झाला.

भागोजीने पुढचा दांडा धरला. मग मागे वळून बघितलं. काशीराम परत पाखाडीकडे निघाला होता.

"मेस्त्री," भागोजीने हाक मारली. "कुठं चाललात? या, तुमी बी खांदा द्या."

काशीराम आला. भागोजीने सरकून त्याला आपल्या शेजारी दांड्याखाली जागा दिली.

"जड हाय हां," तो म्हणाला. "आदीच सांगतो."