भागोजीने सोडलेलं मीठ

भागोजीने मीठ सोडलं ही बातमी चार दिवसांत सगळ्या वाडीला कळली, कारण ती त्याने स्वतःच घरोघर पोचवली होती. मुळात हा गडी काही गुपचूप करणाऱ्यांतला नव्हेच.

सत्त्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच सरली होती. पालीच्या आठवडी बाजारात सरकारी दवाखान्याच्या सुनंदा नर्सबाई टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याचं ब्लडप्रेशर मोजायला बसायच्या. जनीने आपल्या नवऱ्याला ओढतच त्या रांगेत नेलं. बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, आकडा पाहिला आणि पुन्हा मोजलं. वरचा एकशे नव्वद.

"दादा, रोज एक गोळी घ्यायची. चुकवायची नाही. आणि मीठ कमी करायचं."

"कमी कशाला? आजपास्नं सोडलाच!" भागोजीने छाती पुढे काढून सांगितलं.

रांगेतले हसले, पण जनीला काही हसू आलं नाही. गेल्या लावणीत तिचा थोरला दीर रामा चिखलात नांगर धरूनच कोसळला होता. जीपने रत्नागिरीला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, प्रेशरने मेंदूतली शीर फुटली, कधी मोजलं नव्हतं का? कोण मोजणार? दुखत नाही त्याला औषध घ्यायची रीत वाडीत कुणाच्याच घरी नव्हती. सासराही असाच उभ्याउभ्या गेला होता. दोघांनीही पन्नाशी पाहिली नाही, आणि भागोजीला सत्तेचाळिसावं लागलं होतं.

तिने मिठाचा डबा फळीवर उंच ठेवून दिला. एका घरात दोन आमट्या कोण करणार? सगळ्यांचीच आमटी अळणी, भाजी अळणी. रामाची बायको राही दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि जनीकडे नुसती बघायची. भागोजीचा मात्र थाट विचारू नका. देवळासमोर बसून तो मीठ सोडल्याचं असं वर्णन करायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा आता घरदार सोडून काशीला निघाला. लोकही मान डोलवायचे. एवढा निग्रह केलेला माणूस शंभरी गाठणार, यात कुणालाच शंका नव्हती.

महिन्याने बाईंनी पुन्हा पट्टा बांधला. एकशे शहाण्णव.

"दादा, गोळ्या खाता की फेकता?"

"माज्यासमोर गिळल्यान, बाय," जनी उसळून म्हणाली. "मी तोंड उगडून बगतंय रोज!"

बाई विचारात पडल्या. डॉक्टरांना विचारून गोळी वाढवून देते, म्हणाल्या, आणि एक दिवस मी घरीच येते. मधले चार दिवस जनीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. पाण्याचा तांब्या घेऊन ती दिवसातून चारदा शेताकडे जायची. भागोजीला तहान लागलेली नसायची. तिला फक्त तो उभा आहे ना, एवढंच बघायचं असे.

नर्सबाई आल्या त्या सकाळी न्याहारीच्या वेळेला. भागोजी ओटीवर पेज ओरपत बसला होता. बाई टेकल्या आणि त्यांची नजर ताटलीत गेली.

"दादा, पेजेबरोबर काय घेतलंय?"

"बांगडं. मिरकरवाड्याची म्हावरेवाली आणून देते. खावा की एक."

"खारे?"

"मग? खारवल्याबिगर टिकतील काय?"

"आणि ती कैरी?"

"बरणीतली. मिठातली."

"तुम्ही मीठ सोडलंत ना, दादा?"

"सोडलायच!" भागोजी दुखावला. "जेवनात कणभर नाय. इचारा हिला."

"खरंच बाय," जनी पुढे सरसावली. "डबापन वर ठेवलाय. आमटीला चव नाय, म्हनून हे आदी एक बांगडा खायचे ते आता दोन..."

बाईंचा चेहरा बघून ती बोलता बोलता थांबली. बाईंनी विळीवर बांगडा खरवडला आणि पडलेला पांढरा चुरा जनीच्या तळहातावर ठेवला. डब्यातलं तेवढं मीठ, आणि बांगडा तो बांगडा, असंच त्या घरात सगळे समजत आले होते. राही दारातून फसकन हसली. जनीला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रोज चुलीत भाजून तिनेच ते वाढलं होतं.

"मीच घातला गो ह्यांच्या ताटात," ती म्हणाली.

"चूक माझी आहे, वहिनी," बाई म्हणाल्या. "पेजेबरोबर काय खाता, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

मग त्यांनी फर्मानच काढलं. खारा बांगडा बंद, कैरी बंद. आणायची तर ताजी मासळी, खोबरं-मिरची लावून. आमटीत चिमूटभर मीठ चालेल.

"सोडलेला परत खायाचा?" भागोजी हादरला. "लोकां काय बोलतील?"

"लोकांचं मी बगतंय," जनी म्हणाली. "तुमी गप पेज खावा."

पुढच्या बाजारी बाईंच्या टेबलावर मशीनशेजारी एक खारा बांगडा येऊन पडला. दंडाला पट्टा बांधण्याआधी त्या प्रत्येकाला तो दाखवून विचारायच्या, हा दिवसाला किती? निम्मी रांग खाली मान घालायची.

शिमग्याच्या आधीच्या बाजारी भागोजीची पाळी आली. बाईंनी मोजलं, मग पुन्हा मोजलं. जनीने डोळे मिटून घेतले होते.

"एकशे बेचाळीस," बाई म्हणाल्या. "छान! पण गोळी सोडायची नाही हं."

"मी बोललो नव्हतो?" भागोजीने रांगेकडे वळून विचारलं आणि पुढची पाच मिनिटं त्याने कुणाला बोलू दिलं नाही. भाषण संपवून बघतो तो जनी जागेवर नाही. त्याने भाजीवाल्यांत शोधलं, कपड्याच्या दुकानाशी शोधलं. ती शेवटी सापडली कासारणीपुढे बसलेली.

राहीच्या बांगड्या अंगणात फुटल्या, त्या दिवसापासून जनी कासारणीकडे गेली नव्हती. हातातल्या कामात एकेक पिचत गेल्या, तशा तिने जाऊ दिल्या. कुणी विचारलं तर शेतातल्या कामाचं निमित्त सांगायची. नव्या भरायच्या आणि त्याही तशाच फोडायला लागायच्या, या भीतीने तिचं पाऊलच तिकडे वळलं नव्हतं. हे तिने भागोजीलाही कधी सांगितलं नव्हतं.

"किती भरू गो?" कासारणीने विचारलं.

जनीने दोन्ही हात पुढे केले. एकात दोन उरल्या होत्या, दुसऱ्यात एकच.

"हिरव्या भर," ती म्हणाली. "मावतील तेवड्या भर." आणि भर बाजारात तिला रडू फुटलं.